भरड टोचते ना?

मी एक जुनी हातचक्की आहे. पण मित्रांनो, माझ्यासमोर पिठाचं नाव काढू नका, मला राग येतो. मी भरड काढते. कोंबड्यांच्या खाद्यासाठी मका भरडणं हे माझं काम. ते करता करता माझ्या मुठीचं लाकूड गुळगुळीत झालं.

लोखंड वितळवून मला साच्यात ओतलं, पोटात दोन दातेरी चकत्या बसवल्या आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त करायला बाजूला एक स्क्रू दिला. माझं सगळं शहाणपण त्या स्क्रूत आहे.

मी आले ती एका छोट्या पोल्ट्रीत. तिथे दोघं भावंडं ब्रॉयलर कोंबड्या वाढवायची. थोरल्या बहिणीला सगळे ताई म्हणत. कोंबड्यांना ती दोघं 'पक्षी' म्हणत, जणू उडूनच जाणार होत्या. मका शेजारच्या शेतातला, पेंड जवळच्या तेलघाण्यातली, शिंपल्यांचा चुरा नदीकाठचा. भाऊ मूठ फिरवायचा, ताई वरून मका सोडायची आणि खाली पडलेली भरड चिमटीत धरून बघायची. "टोचली पाहिजे," ती म्हणायची. नाही टोचली, की स्क्रू सैल. लोक विचारायचे, "तुमचे पक्षी इतके टंच कसे हो?" ताई म्हणायची, "आम्ही त्यांच्याशी भांडत नाही ना." आणि दिवसभर भावाशी भांडायची.

मग ताईची मुलगी बाळंत झाली आणि ताई तिच्याकडे गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेली. भावाला वाटलं, ती यायच्या आत काहीतरी भारी करून दाखवावं. पिल्लं लहान आहेत, बारीक केलं तर लवकर पचेल, असं म्हणून त्याने माझा स्क्रू आवळला. मी कुरकुरले, तापले, पण ऐकतो कोण? पीठ पडलं. पिल्लांच्या चोचींना त्याचा लगदा चिकटला, पाण्याची भांडी गढूळ झाली आणि पिल्लांचं वजन काही वाढेना.

तेवढ्यात ताईचा फोन आला. भावाने तो स्पीकरवर टाकून माझ्या शेजारीच ठेवला होता.

"काय रे, भरड टोचते ना?"

त्याने हातातल्या पिठाकडे बघितलं. "टोचते की. एकदम झकास चाललंय. तू निवांत राहा."

"बरं मग," ती म्हणाली. "माझ्यावाचून काही अडत नाही म्हणायचं."

आणि ती तिकडेच राहिली.

पुढच्या बॅचला भावाने तयार खाद्याच्या गोण्या आणल्या. गोण्यांवर माझा राग नाही, पक्षी खातात आणि वाढतात. पण माझी मूठ आता कोणी धरत नाही. संध्याकाळी भाऊ येतो, धूळ पुसतो, तेलाचे दोन थेंब सोडतो आणि म्हणतो, "ताई नाही तर करमत नाही गं." हे मला म्हणतो. फोन वाजला की मात्र, "इकडे सगळं मजेत." मला ताईची इतकी आठवण येते, की उंदराने वरून मक्याचा दाणा पाडला तरी वाटतं, ती आली.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना तेल द्या, असं मी सांगेन असं तुम्हांला वाटलं असेल. तेल मला रोज मिळतं. तुमच्या घरातलं कोणी लांब गेलं असेल आणि त्यांच्यावाचून अडत असेल, तर त्यांना तसं सांगा. मी लोखंडाची आहे, मला हाक मारता येत नाही. भावाला येते.