प्लग काढायचा मुहूर्त

कर्जतच्या शशिकांत गुरुजींना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण चौक गावाच्या पलीकडे डोंगराखालच्या शाळेतला, ते अजून सांभाळत असलेला कॉम्प्युटर काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. वर वाडीजवळ एक पर्जन्यमापक होता. तो दर मिनिटाला पाऊस खाली कळवी. कॉम्प्युटर तो टिपून ठेवी, अकरा वर्षांच्या नोंदींशी ताडून बघी आणि आकडा हाताबाहेर चालला की वाडीतला भोंगा वाजवी. भोंगा झाला की वाडीनं शाळेत उतरायचं. झकास व्यवस्था होती. फक्त पावसात वीज जाऊन चालत नसे.

वीज जायची दोनच मिनिटं. पण परत आल्यावर कुठली नोंद अर्धवट राहिली ते कॉम्प्युटरला ठाऊक नसे, म्हणून तो पहिल्यापासून सगळ्या नोंदी तपासत बसे. पन्नास मिनिटं. तोवर भोंगा मुका. गेल्या जुलैत अशाच पन्नास मिनिटांत डोंगराची कड सुटली आणि चिंधीचा गोठा घेऊन गेली. चिंधीचं घर वाडीत सगळ्यात वरचं. माणसं वाचली, कारण तिच्या भावानं, पोशानं, ओढ्याचं पाणी लाल झालेलं पाहिलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

मेच्या शेवटी चिंधी शाळेत आली, ती दारातूनच बोलत.

"गुर्जी, घर शाकारू का नको, येवढं सांगा. भोंगा येळेवर वाजणार नसंल तर मी पोरांना घिऊन खाली बहिणीकडं जाते. मंग कौलं कशाला बदलू?"

"रविवारपर्यंत सांगतो," गुरुजी म्हणाले.

नव्या कॉम्प्युटरचा अर्ज तीन वर्षं फिरत होता. 'जुना बंद पडल्याचा दाखला जोडावा' असं उत्तर आलं होतं. जुना चालू होता, हाच त्याचा गुन्हा. बॅटरीचा अर्ज या अर्जाला टाचलेला होता.

गुरुजींनी शेलूला राहणाऱ्या पुतण्याला फोन लावला. अनुपम कॉम्प्युटरमधलाच.

"काका, फॉरमॅट मारा आणि सगळं नव्यानं बसवा."

"आणि अकरा वर्षांचा पाऊस?"

"तो काय, पुन्हा पडेल."

गुरुजींनी फोन ठेवला आणि स्वतःच वाचायला बसले. तीन दिवस वाचलं. कॉम्प्युटरमधल्या नोंदींच्या जुन्याच कप्प्याला, आतलं काही न हलवता, एक कच्ची वही जोडता येते, असं निघालं. त्यांनी चिंधीला समजावलं, "आधी वहीत लिहायचं की मी अमुक नोंद करतोय. मग ती करायची. झाली की वहीतल्या ओळीवर काट. वीज गेलीच, तर नुसती वही बघायची."

"म्हंजे डहाळीच की," चिंधी म्हणाली. रानात शिरताना वाटेच्या फाट्यावर हिरवी डहाळी ठेवायची आणि परतताना उचलून टाकायची, ही तिच्या आईची शिस्त. "डहाळी दिसली तर मानूस कुठल्या वाटंला हाय ते कळतं. नायतर आख्खा डोंगर धुंडा."

गुरुजींनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. इतकं थोडक्यात एकदाही नाही.

रविवारी सकाळी त्यांनी सगळ्या नोंदी दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि मुळाशी ताडून पाहिल्या. एक पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशात, वर बटण. दुसरा चिंधीच्या नाचणीच्या डब्यात. मग नोंदींचा कप्पा बंद केला. चालत्या गाडीखाली शिरून नट आवळणारे मेकॅनिक हायवेला पुष्कळ होते. गुरुजी त्यांतले नव्हते. बंद कप्पा पन्नास मिनिटं तपासून घेतला, निर्दोष निघाला, तेव्हा वही जोडली. चार सेकंद लागले. कप्पा पुन्हा उघडला.

"येवढंच?"

"एवढंच."

"मंग तीन दिस काय करत व्हता?"

"हिंमत."

आता वीज जायला हवी होती. एरवी जेवणाआधी तीनदा जाणारी बाई त्या दिवशी जाईना. पंखा तर असा फिरत होता, जणू त्याला बढती मिळाली होती. आज भोंग्याची नुसती चाचणी आहे असं वाडीला सांगून पोशा सकाळपासून वर पर्जन्यमापकाशी, पाऊस म्हणून ओतायला तांब्या घेऊन बसला होता. त्याचा दोन वाजता फोन आला.

"मास्तर, पानी वतू का पिऊ?"

"गुर्जी, प्लग काढू का मी?" चिंधीनं विचारलं.

प्लगला हात लावू नका, असं आयुष्यभर पोरांना ओरडलेल्या माणसानं डोळे मिटून मान डोलावली. चिंधीनं प्लग उपटला, परत खोचला. कॉम्प्युटर जागा झाला, आणि पहिल्या नोंदीपासून तपासायला बसला.

अनुपमचं 'फॉरमॅट मारा' गुरुजींच्या कानात घुमू लागलं.

"आख्खा डोंगर धुंडतोय," चिंधी पडद्याकडे बघत म्हणाली. "म्हंजे डहाळी ठेवलीच नाय त्यानं."

"अगं, वही आहे त्याच्याकडे!"

"असंल. कचेरीत बी तक्रारवही हाय की. खिळ्याला टांगून."

गुरुजी ताठ बसले. सुरू होताना कुठला कप्पा कोणत्या पद्धतीनं उघडायचा, याची कॉम्प्युटरकडे एक यादी असते. वही जोडली होती; यादीत पद्धत जुनीच राहिली होती. वहीत लिही, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण तपासणी मध्येच तोडायची नाही. पन्नास मिनिटं गुरुजी खुर्चीतून हलले नाहीत. मग कप्पा बंद केला, यादीतला एक शब्द बदलला, कप्पा उघडला. वही वापरात आहे, असं पडद्यावर आलेलं चष्मा पुसून दोनदा वाचलं.

मग वर फोन लावला. "पोशा, ओत!"

आकडा चढू लागला.

"चिंधे, काढ!"

प्लग निघाला, परत बसला. पडद्यावर ओळ आली: वही वाचली, अर्धवट काम निस्तरलं. कप्पा तीन सेकंदांत उघडला. दोन मिनिटांत कॉम्प्युटर पाऊस मोजायला हजर. पोशानं उरलेला तांब्या रिकामा केला आणि वर वाडीत भोंगा असा बोंबलला की कुत्री घरांत शिरली.

"मास्तर, बंद करा! कान फुटला!" पोशा फोनवर ओरडला.

गुरुजींनी भोंगा लगेच बंद केला नाही. जरा ऐकला.

मग खिशातला पेनड्राइव्ह काढून अकरा वर्षांच्या नोंदी पुन्हा ताडल्या. एकही हललेली नव्हती. आजची खोटी अतिवृष्टी मात्र त्यांनी पुसली नाही. शेजारी टीप लिहिली: 'पाऊस नाही. पोशाचा तांब्या.'

चिंधीनं पदर खोचला. "डोंगर पडंल तवा पडंल. आमाला उतरायला येळ मिळाला म्हंजे झालं. उद्या कौलं काढायला घेते. आनि डब्यातली ती काडी?"

"पावसाळाभर राहू दे तिथंच," गुरुजी म्हणाले. "नाचणी संपली तरी डबा घासू नकोस."