बॉनेटखालची गोधडी

पांड्या मिस्त्रीनं बॉनेट उचललं, आत बांधलेली गोधडी मुठीत धरून पिळली, तसं काळं तेल त्याच्या मनगटावर ओघळलं.

“देवरामदादा, ही आजच काढायची. कोपरा करपलाय, बघा.”

“थंडी हाय अजून. गोधडी नसली का सकाळी इंजिन लागत नाय.”

“नाही लागलं तर चार माणसं धक्का मारतील. ही वाटेत पेटली, तर मागं बसलेल्या बाळंतिणीला कोण उचलणार?”

मोटार पूर्वी संस्थानची. विलीनीकरण झालं, दारावरचं चिन्ह खरवडलं गेलं, आणि आता तिच्यातून मोखाड्याकडचे आजारी लोक जव्हारच्या दवाखान्यात यायचे. आज सूर्यमाळची बाळंतीण आणायची होती. धनी बदलले, पण ड्रायव्हर देवरामच राहिला आणि गोधडीही तीच राहिली.

ती शिवली होती वेणूनं, त्याच्या बायकोनं, पाच वर्षांपूर्वी. त्यांची दीड वर्षांची कमू तापानं गेली, त्याला महिनाही झाला नव्हता. वेणू कुणाशी बोलेना. एक दिवस आपणहून गोधडी पुढ्यात टाकून म्हणाली, “तुमच्या मोटारीला थंडी वाजते ना? घ्या पांघरूण.” बाईचा जीव कशात तरी रमला, एवढंच त्याला वाटलं.

गेल्या चैत्रात वेणूही गेली. पाड्याची रीत कडक. मेलेल्याचं कापड घरात ठेवायचं नाही, जीव मागं घुटमळतो. सासूनं, गोजाबाईनं, लेकीची लुगडी गाठोड्यात बांधली आणि नदीपलीकडे टाकायला निघताना विचारलं,

“काय ऱ्हायलं का रं?”

“काय नाय ऱ्हायलं.”

धडधडीत खोटं बोलला. गोधडीला वेणूचं हिरवं लुगडं लागलं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून रोज सकाळी पाणी बघायच्या निमित्तानं तो बॉनेट उचलायचा आणि तिच्या टाक्यांवरून बोट फिरवायचा.

“मी काढतो,” तो आता म्हणाला. “तू हात नको लावू.”

गाठी सुटता सुटेनात. गोधडी खाली आली तेव्हा तिच्यात हिरवं काही उरलं नव्हतं. आतला एखादा तुकडा तरी वाचला असेल म्हणून त्यानं चाकूनं कड उसवली. वरचा थर काळा, त्याखालचाही काळा. मधोमध मात्र मोटारीच्या जुन्या टपाच्या मेणकापडाची तळहाताएवढी पिशवी होती, चारी बाजूंनी घट्ट शिवलेली.

पिशवीत कमूचं पिवळं झबलं होतं. कोरडं, स्वच्छ.

देवरामनं झबलं तळहातावर पसरलं. पोर गेली तेव्हा रीतीप्रमाणं त्यानंच वेणूला विचारलं होतं, पोरीचं काय ऱ्हायलं का म्हणून. काय नाय ऱ्हायलं, ती म्हणाली होती, डोळ्याला डोळा भिडवून. आणि पाच वर्षं तो मोखाड्याचा घाट चढला-उतरला, झबलं त्याच्या हातभर पुढं. एका शब्दानं बोलली असती, तर दोघं मिळून रडले तरी असते.

पांड्यानं गोधडी कचऱ्याच्या ढिगावर फेकली आणि बॉनेटला हात घातला.

“लावू का? आत काही राहिलं का तुमचं?”

देवराम वळला. झबलं सदऱ्याच्या खिशात गेलं होतं.

“काय नाय ऱ्हायलं,” तो म्हणाला, अगदी वेणूसारखाच, डोळ्याला डोळा भिडवून.