दुपारचा सूर

दुपारी घर रिकामं झालं, की घरात कुणीतरी सूर लावायचं. बारीक, लांब, न तुटणारा. गाणं सुरू व्हायच्या आधी पेटीवर एकच पट्टी दाबून धरावी तसा. पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा आजींनी हात जोडले. दुसऱ्यांदा आला तेव्हा कॉटखाली वाकून पाहिलं. रोजच यायला लागला तेव्हा त्यांनी मुलाला सांगितलं, आणि तिथेच फसल्या.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे वंगण कमी पडलंय, कुठे काय घासतंय, हे नुसत्या कानाने ओळखणारा माणूस. त्याने आईसाठी मुद्दाम रजा काढली आणि सबंध दुपार कॉटवर कान टवकारून बसला. नळाच्या थेंबापलीकडे घरात काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी सून घरी राहिली, तेव्हाही सगळं चिडीचूप. तिसऱ्या दिवशी दोघं कामाला गेली आणि सूर हजर.

"म्हणजे मी एकटी असले की येतो," आजी म्हणाल्या. बोलल्या ते खरंच होतं, पण ते त्यांच्याच अंगाशी आलं. मुलाने बायकोकडे पाहिलं, बायकोने ताटाकडे. मग दुसऱ्या गावच्या लेकीला फोन झाला. तिचं घर भरलेलं, आईला क्षणभरही एकटं राहावं लागणार नाही, रविवारी येऊन घेऊन जाते म्हणाली. कायमचं, हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही; पण आजींची कॉट कुणाला द्यायची यावर त्यांच्यादेखतच बोलणं झालं. त्यांच्या कानांवरचा भरवसाच उडालेला, मग लपवायचं कशाला.

लेकीवर आजींचा जीव होता. पण आपण होऊन जाणं वेगळं आणि डोकं फिरलं म्हणून पोचवलं जाणं वेगळं. त्याहून वाईट म्हणजे, आता त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना. देवाशी त्यांचं रोजचं बोलणं असे, त्यालाच त्यांनी धारेवर धरलं. "ऐकवतोस ते एकट्या मलाच का? आणि मलाच ऐकवायचं असेल, तर निदान एक साक्षीदार तरी दे."

आता देवाची गंमत पाहा. शनिवारी सून इस्त्रीच्या दुकानातून लवकर सुटली आणि दाराशी येऊन पाहते तर किल्ली नाही. दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यात राहिलेली. तिने घंटी वाजवली. दाराचं कुलूप जुनं, ओढलं की आपोआप बसणारं. आतून मूठ फिरवली की उघडे, बाहेरून किल्लीच लागे. आजींनी गुडघे सावरत दार उघडलं. सून आत आली, दार लोटलं आणि पाणी प्यायला म्हणून पेला ओठाशी नेला.

पेला तिथेच राहिला. सूर लागला होता.

आजी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ऐकू येतंय का, हे विचारायचा त्यांना धीर होईना. ती नाही म्हणाली असती तर?

"आई," सून हळूच म्हणाली, "हे कोण गातंय?"

आजींचे डोळे भरून आले, पण रडायला सवड कुठे होती. साक्षीदार मिळाला, आता चोर धरायचा. सून नळाकडे धावली, मग फ्रिजकडे. आजी डोळे मिटून, कान पुढे करून एकेक पाऊल टाकत निघाल्या आणि दाराशी येऊन थांबल्या. गालाला गार वाऱ्याची बारीक धार लागत होती. गुडघे विसरून त्या वाकल्या आणि किल्लीच्या भोकावर बोट ठेवलं. सूर बंद. बोट काढलं, सूर सुरू.

दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. आधीच्या दोन किल्ल्या हरवल्यावर घरात कायदा झाला होता, की घरी आल्याबरोबर उरलेली किल्ली आतल्या बाजूने भोकात खुपसायची, म्हणजे शोधाशोध नको. मुलाने रजा काढली त्या दिवशीही सून ती भोकातच ठेवून गेली होती. किल्ली कामावर गेली, की आरपार भोक मोकळं. आणि हवेसाठी आजींनी मागची खिडकी उघडली, की वारा थेट तिथून शीळ घालत आत. खुळ्यासारख्या हसत दोघींनी आळीपाळीने बोट ठेवून पाहिलं.

"त्याला सांगायचं नाही हं," आजींनी बजावलं.

संध्याकाळी मुलगा आला. बूट काढता काढता थबकला. पंख्याकडे पाहिलं, खुर्चीवर चढून दिव्याला कान लावला, भिंतीवर टकटक केली.

"आई, तुला काही ऐकू येतंय?"

"छे," आजी म्हणाल्या. "तू जरा डॉक्टरला दाखवून घे, बाबा."

सून तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली. पोराचा चेहरा पांढरा पडायला लागला तशी आजींना दया आली. त्याला दंडाला धरून त्यांनी दाराशी नेलं, त्याचंच बोट भोकावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. लिफ्टवाला दारापाशी फतकल मारून बसला आणि त्या एवढ्याशा भोकातून कितीतरी वेळ बाहेर बघत राहिला.

"चुकलं माझं," तो वर न बघता म्हणाला. मग उठून त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, उद्या आईला न्यायला येऊ नकोस. आईचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

पलीकडून प्रश्नांची सरबत्ती झाली. आजींनी फोन आपल्या हातात घेतला.

"येणार गं, येणार. चार दिवस, पाहुणी म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि माझं परतीचं तिकीट आधी काढ."