कोपरं मोजून केलेलं टेबल

त्या शाळेत शिक्षक चौदा आणि शिक्षकखोलीत कपाटंही चौदा. प्रत्येक कपाटाला कुलूप, प्रत्येक किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. तिथं कुणी कुणाला खडूचा तुकडा उसना देत नसे, मग शिकवण्यातली युक्ती कुठली द्यायला!

सगळ्यांत घट्ट कुलूप गणिताच्या बाईंचं. आत एक वही होती. बावीस वर्षांपूर्वी एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, भागलं की संख्या लहान होते ना? मग तीनला अर्ध्यानं भागून सहा कसे?"

"उलटा आणि गुणा," बाई म्हणाल्या.

"पण का?"

बाईंना येत नव्हतं. त्यांनी तो प्रश्न वहीत उतरवला आणि वही कपाटात कोंडली. पुढं दरवर्षी कुणी ना कुणी असा एखादा 'का' विचारायचं, वही फुगायची, आणि बाई कुलूप दोनदा ओढून बघायच्या.

अशात शाळेनं विद्यापीठाशी करार केला. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं, एवढाच हेतू. त्यासाठी विद्यापीठाचे प्राध्यापक दोन वर्षं येऊन कोपरं मोजत होते. चौदा शिक्षकांची अठ्ठावीस कोपरं, झोपेतली वेगळी आणि जागेपणीची वेगळी. कोपराला कोपर न लागता मनं जुळतील असं लांबुळकं, मधे पोट सुटलेलं टेबल त्यांनी करवून घेतलं. सगळं मोजलं, शिक्षकखोलीचं दार तेवढं मोजायचं राहिलं.

सोमवारी टेबल आलं. सात जणांनी आतून ओढलं, सात जणांनी बाहेरून रेटलं. अर्धं आत गेलं आणि पोटाशी असं बसलं, की बाटलीला बूच. मागं हटेना, पुढं सरकेना. खालून रांगत जावं, तर पायांमधे फळ्या ठोकलेल्या.

"करवत आणा!" हेडमास्तर ओरडले.

"खबरदार!" प्राध्यापक फोनवर त्यांच्याहून जोरात ओरडले. "करारातली वस्तू आहे. शनिवारी मी सुतार घेऊन येतो. आलोच आहे तर गणिताचा एक तासही बघीन. अपूर्णांक चालू आहेत ना?"

बाईंनी खिशातली किल्ली चाचपली.

तोवर शिक्षकखोलीत जायचं ते टेबलावर चढून, आतल्याचा हात धरून. व्यायामाच्या सरांना ओढायला पाच जण लागले. "रोज मुलांना पळवता," विज्ञानाच्या बाई धापा टाकत म्हणाल्या, "एखादी फेरी स्वतः मारा की हो!" मंगळवारपर्यंत सगळे दमले. जो आत असेल त्याच्याकडे बाहेरचे किल्ल्या फेकू लागले. कपाटं उघडली, तशी एकेकाची युक्ती बाहेर पडली. भूगोलाचे नकाशे इतिहासाच्या तासाला गेले आणि इतिहासाचे सर पहिल्यांदाच योग्य दिशेला बोट दाखवून बोलले.

बाई मात्र गुडघे धरून चढत राहिल्या. गुरुवारी गुडघा आखडला.

"किल्ली द्या, बाई," आतून चित्रकलेचे सर म्हणाले.

"फक्त मोठी पट्टी काढा. वहीला हात लावायचा नाही!"

"कुठल्या वहीला?"

झालं! सरांनी वही काढली, उघडली. बाईंनी डोळे मिटून घेतले. आता बावीस वर्षांची अब्रू टेबलावरून घरंगळणार.

सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावर तीन खडू ठेवले. "बाई, एकेकाला अर्धा खडू द्यायचा. किती मुलांना पुरतील?"

"सहा." बाईंनी डोळे उघडले. "अगं बाई! म्हणजे तीनात अर्धे किती, एवढंच विचारायचं होतं?"

"मला भागाकार येत नाही," सर म्हणाले. "खडू पुरवायची सवय आहे."

शनिवारी बाईंनी वर्गात सत्तर खडू मोडले. शेवटच्या बाकावरून "असं होय!" आलं, तेव्हा प्राध्यापकांनी मान डोलावली.

मग सुतारानं चौकट कापली आणि टेबल आत गेलं. सगळ्यांनी किल्ल्या परत घेतल्या आणि ते टेबलाभोवती कोपरं पसरून बसले. तासभर कुणी चकार शब्द काढला नाही. "सहकार्य सुरू झालं," असा अहवाल लिहायला प्राध्यापक हेडमास्तरांच्या खोलीत गेले.

बाईंनी वहीचं दुसरं पान काढलं. चित्रकलेचे सर पार दुसऱ्या टोकाला. तिथवर विचारायचं, तर गावभर दवंडी. त्या लंगडत उठल्या.

"लावा हात! टेबल दारातच बरं होतं."

कुणी 'का' विचारलं नाही. चौदा जणांनी रेटा दिला. टेबल कापलेल्या दारातून सुसाट निघालं, व्हरांडा ओलांडून गेलं आणि हेडमास्तरांच्या दारात पोटाशी घट्ट बसलं.

"अहो, मी आत आहे!" प्राध्यापक ओरडले. "कुणी हात देतं का?"

"देते की," बाई टेबलावर कोपरं टेकून म्हणाल्या. "आधी सांगा, उणेला उणेनं गुणलं की अधिक का होतं?"

प्राध्यापकांनीही आतून टेबलावर कोपरं टेकली.

"खरं सांगू, बाई? मीही पाठच केलंय."

बाईंनी मागं वळून हाक मारली, "चित्रकलेचे सर, खडू घेऊन या हो! आणि थोडे जास्त आणा."