उजवा खांदा

टेलरकाकांनी पन्नास वर्षं कात्री चालवली आणि अडुसष्टाव्या वर्षी हातात पेन्सिल घेतली. तशी त्यांना काही चित्रकलेची ओढ वगैरे नव्हती. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून ते दिवसभर घरात बसून बायकोच्या कामात नाक खुपसत, तेव्हा तिनेच वैतागून त्यांचं नाव वाचनालयाच्या माडीवरच्या शनिवारच्या वर्गात घातलं. फी तिने भरली, वही तिने आणली आणि काका घराचा जिना उतरल्यावर पंखा लावून निवांत पडलीसुद्धा तीच.

वर्ग घेणाऱ्या बाई काकांच्या धाकट्या सुनेपेक्षाही लहान, पण नाकावर माशी बसू देत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर चहाची किटली ठेवली आणि म्हणाल्या, काढा. बाकीचे अजून पेन्सिलीला टोक करत होते, तोवर काकांची किटली तयार. बाईंनी कागद उचलून उजेडात धरला. मधोमध घडी होती. काकांनी अर्धी किटली काढून कागद दुमडला होता आणि उरलेली अर्धी खिडकीच्या काचेवर धरून गिरवली होती. शर्टाची पाठ जन्मभर अशीच तर कापली होती त्यांनी. परिणामी किटलीला दोन्हीकडे तोट्या आल्या होत्या आणि कान कुठेच नव्हता.

"काका, हे काय?"

"दोन्ही बाजू अगदी मापात आहेत बाई. हवं तर टेप लावून बघा."

"मापात आहेत हो. पण धरायची कुठे?"

पुढे वाचनालयाचा शिपाई समोर बसवला, तर काकांनी त्याचीही घडी घातली. बिचाऱ्याचा चेहरा उशीच्या अभ्र्यासारखा चौकोनी आणि दोन्हीकडून सारखा झाला. बाई हसल्या नाहीत, एवढाच काय तो त्यांचा मोठेपणा. "काका," त्या म्हणाल्या, "माणूस घडी घालून कापलेला नसतो. डोक्यात आहे ते काढू नका, डोळ्यांना दिसतं ते काढा."

मग त्यांनी मापाची युक्ती शिकवली. हात ताठ लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि समोरच्या माणसाच्या खांद्यांवर पेन्सिल आडवी धरायची. खांदा कलता असेल तर पेन्सिलही तितकीच कलती करायची आणि तोच कल कागदावर उतरवायचा. काकांना ही युक्ती भलतीच आवडली. ते भाजीवाल्याला मोजू लागले, बसथांब्यावर मोजू लागले. तिथे एका बाईंना वाटलं, हा म्हातारा आपल्याला डोळा मारतोय. त्या तरातरा घरापर्यंत आल्या. त्यानंतर घराबाहेर एक डोळा मिटायचा नाही, असा काकूंनी दंडक घातला.

असे आठ महिने गेले. बाईंनी काकांच्या एकाही चित्राला बरं म्हटलं नव्हतं. आणि अशातच ताईचा निरोप आला: दाजींचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, तू त्यांचं चित्र काढ, सगळ्यांसमोर द्यायचंय.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक. "सरळ उभा राहा" हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं पोरांना ऐकवलं आणि स्वतःही ते छडी गिळल्यासारखे ताठ चालत आले. आपल्या ताठपणाचा त्यांना भारी अभिमान. मान मोठा आणि रागही तेवढाच. आपलं अक्षर गिचमिड आहे असं सख्खा भाऊ म्हणाला, तर त्याच्याशी अकरा वर्षं बोलले नव्हते.

आणि काकांच्या पोटात एक गुपित होतं. लग्नाच्या कोटाचं माप घेतानाच त्यांना कळलं होतं की दाजींचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली आहे. ते कुणाला काही बोलले नाहीत. उजव्या बाजूच्या पॅडमध्ये कापसाचा एक जादा थर घातला आणि खांदे सारखे करून टाकले. तेव्हापासून सहा कोट शिवले, सहाही कोटांत तो थर घातला. दाजींना पत्ता नाही, ताईला पत्ता नाही. आपल्या कारागिरीचा काकांना जो काही गर्व होता, तो सगळा त्या थरात भरलेला होता.

तेव्हा चित्राची काळजी नव्हती. कोट घालून बसवायचं, की झालं.

दाजी कोट घालून खिडकीपाशी बसले. काकांनी हात लांब केला, डोळा मिटला, पेन्सिल आडवी धरली. पेन्सिल दाजींच्या उजव्या खांद्याकडे कलली. काकांनी चष्मा पुसून पुन्हा धरली. पुन्हा कलली. डोळा बदलून पाहिला, खुर्ची सरकवली, चटईखाली काही आहे का तेही पाहिलं.

"काय चाललंय?" दाजींनी विचारलं.

"उजेड बघतोय."

खांदा खाली होता. कोटासकट खाली होता. आत आपला थर असताना हे कसं शक्य आहे, तेच काकांना कळेना. त्यांनी त्या दिवशी डोकं, कान आणि भुवया काढल्या आणि खांद्यांची जागा, एक पुसट रेघ सोडली तर, कोरी ठेवली.

शनिवारी त्यांनी तो कागद बाईंसमोर ठेवला. कोऱ्या जागेवर खांद्याची तीच पुसट रेघ होती, जशी दिसली तशी. बाईंनी तो उचलून उजेडात धरला. "आज पहिल्यांदा माणूस काढलात," त्या म्हणाल्या.

काकांना फार आनंद झाला. पण लगेच पुढचं आठवलं. "हा खांदा जरा वर उचलू का? घरातली गोष्ट आहे, माणूस रागीट आहे."

"तुम्हाला वर दिसला?"

"नाही."

बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. काकांनी दोन दिवस खोडरबर हातात घेतलं आणि खाली ठेवलं. खांदा उचलला, तर आयुष्यात जमलेलं एकमेव चित्र हातचं जाणार. नाही उचलला, तर ताईच्या घराचा उंबरा बंद. शेवटी त्यांनी मऊ काळी पेन्सिल घेतली आणि दिसला तसा खांदा ठसठशीत काढला. कॉलरखालच्या सावलीतसुद्धा काही हातचं राखलं नाही.

वाढदिवसाच्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. दाजी टेबलाच्या टोकाशी बसले होते, ताई त्यांच्या डाव्या हाताला. चित्रावरचा कागद काढला आणि सगळे वाहवा करू लागले. नातवंडं म्हणाली, अगदी हुबेहूब. दाजींनी चष्मा लावला. वाहवा थांबली.

"हा खांदा पडलाय," दाजी म्हणाले.

काकांच्या पाचावर धारण बसली. "तो... तसाच आहे, दाजी."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. मी कोटात कापूस घालत आलो. सहाही कोटांत. पण आता तो कसा काय बसला, देव जाणे. माझा थर असा बसणारा नाही."

दाजींचा चेहरा लाल होत चालला होता. ताई ताटातली चटणी सारखी करत होती.

"बसला नाही रे," ती म्हणाली. "मी काढते."

"काढतेस?" काका म्हणाले.

"पहिल्या वर्षीच काढला. अस्तर उसवायचं, थर काढायचा आणि परत शिवायचं. सहाही कोटांतला काढला. तुला माझा टाका ओळखू यायचा नाही, आपल्या दोघांना शिकवणारा बाप एकच."

"पण का?" काकांचा आवाज चिरकला. सेहेचाळीस वर्षं ज्या कोटांकडे ते अभिमानाने बघत होते, त्यात त्यांचं काही नव्हतंच. आणि तरी त्यांना दर वेळी खांदे सरळच दिसले होते.

"मी ही एवढीशी," ताई म्हणाली. "बसमध्ये, गाडीत मला झोप लागते. यांच्या उजव्या खांद्यावर माझं डोकं बरोब्बर टेकतं. तुझा थर असला की पोचत नाही, आणि वर कानाला टोचतो."

एक नातवंड फिसकन हसलं आणि आईने डोळे वटारल्यावर गप्प झालं. दाजींनी मान वळवून स्वतःच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं, शाळेत नवीन आलेल्या पोराकडे पाहावं तसं. मग त्यांनी चष्मा काढला, नीट घडी घालून खिशात ठेवला. ते उठले, आपली खुर्ची उचलली, ताईच्या मागून वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली आणि तिच्याकडे उजवा खांदा करून बसले.