टोंगाचा वकील

"पोरगा वकील झाला आमचा," असं केसरीनाथ पाटलांनी म्हणताच महमूद शेटनी चहाचा कप ओटीवर ठेवला आणि भिवंडी कोर्टात अडकलेल्या आपल्या ट्रकची हकिगत त्या पोराला, हिरामणला, सांगायला घेतली. ट्रक नाशिक रस्त्यावर एका म्हशीला धडकला होता आणि ती म्हैस दिवसाला किती दूध द्यायची, यावर खटला लांबत चालला होता. हिरामणने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की वकिलीची परीक्षा पास झालोय हे खरं, पण पुढचं शिक्षण मुंबईत चालू आहे, आणि विषय आहे आशिया आणि पॅसिफिकमधले कायदे.

"पॅसिफिक किधर आया?" महमूद शेटनी विचारलं.

"जपानच्याही पुढं. समुद्र आहे तो."

"समंदर में काय कायदा?"

"बेटं आहेत त्यात. फिजी, सामोआ, टोंगा."

महमूद शेट केसरीनाथांकडे वळून हळूच म्हणाले, "पाटील, मग आपल्या म्हशीचं कोण बघणार?"

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. भिवंडीजवळच्या दापोड्यात तेव्हा भाताची शेतं जाऊन गोदामं उभी राहत होती आणि ज्याच्या घरात वकील तो भाग्यवान, असं सगळे मानत होते. केसरीनाथांचं भाग्य मात्र थोडक्यात हुकलं होतं. हिरामणला खरं तर जमिनीच्या कायद्याचा वर्ग हवा होता. पण मुंबईला अर्ज घेऊन तो उशिरा पोचला आणि तोवर सगळे चांगले वर्ग भरून गेले होते. आशिया-पॅसिफिकला जागाच जागा होती. वर्गात चौघे जण होते. त्यातला एक आपण पंख्यासाठी येतो असं उघड सांगायचा आणि एकाला अजून वाटत होतं की हा विषय जहाजांचा आहे. हिरामणला मात्र त्याची गोडी लागली. सासू-सुनांच्या भांडणासारखी तो त्या बेटांची भांडणं रंगवून सांगे. गावाने महिन्याभरात त्याचं नाव टोंगाचा वकील ठेवलं. पोरं टांग्याचा वकीलही म्हणत.

पावसाळा संपला आणि महमूद शेटनी पाटलांचं रस्त्याकडचं शेत गोदामासाठी मागितलं. कागद साफ हवे, एवढीच त्यांची अट होती. कागद साफ व्हायला केसरीनाथांच्या थोरल्या बहिणीचा, कमळाआत्याचा, अंगठा लागत होता. बापाच्या जमिनीतला हक्क मी राजीखुशीने भावाला सोडते, असं लिहिलेल्या कागदावर. गावातल्या सगळ्या बहिणींनी असे अंगठे दिले होते. बदल्यात साडी मिळायची आणि माहेर टिकायचं.

आत्याला आणायला केसरीनाथांनी हिरामणलाच अंबाडीला पाठवलं. वाटेत तिला कागद नीट समजावून सांग, असंही बजावलं.

कमळाआत्या अंबाडी नाक्यावर सुकट विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिराच्या घराच्या पडवीत ती राहायची आणि जावेला वास आवडत नाही म्हणून आपली टोपली रात्रीही बाहेरच ठेवायची. हिरामण आला तेव्हा तिने आधी त्याला जेवू घातलं, मग लुगडं बदललं आणि एस.टी.त खिडकीशी बसून विचारलं, "हिरामन, तू शिकतंस तरी काय रं?"

विषय कसा काढावा हे न सुचल्यामुळे हिरामणने टोंगा सुरू केलं. त्या बेटावर म्हणे आत्याचा मान सगळ्यांत मोठा. बापापेक्षाही मोठा. लग्न असो, मयत असो, आत्या वरच्या जागी आणि भाचरं खाली. तिच्या पोरांनी मामाच्या घरातलं काहीही उचलून न्यावं, मामाने तोंड उघडायचं नाही.

आत्याने त्याला हे पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्याने कागदाचंही सांगितलं. अंगठा दिलास तर हक्क संपतो, नाही दिलास तर राहतो, एवढ्या साध्या शब्दांत.

रजिस्ट्रार कचेरीच्या पायऱ्यांवर केसरीनाथ साडीची पिशवी घेऊन उभे होते. शेजारी महमूद शेट. आत्या आली आणि तिथल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसली. ती खुर्ची स्टँप विकणाऱ्याची होती. तो बिचारा उभाच राहिला.

"केसरी," ती म्हणाली, "मी अंगठा न्हाय देनार. माजं आता टोंगाच्या कायद्यानं."

केसरीनाथांनी हिरामणकडे असं पाहिलं की तो एक पायरी खाली उतरला. पण पाटील जुने माणूस, पंचायतीत मुरलेले. ते शांतपणे म्हणाले, "बरं. टोंगा तं टोंगा. वकील, खरं सांग. तुज्या त्या टोंगान आत्याला जमीन मिलते काय?"

हिरामण मुंबईत जो प्रबंध लिहीत होता त्याचं सबंध एक प्रकरण याच प्रश्नावर होतं.

"न्हाय," तो म्हणाला. "तिथं मान आत्याचा, पन जमीन पोरग्यांचीच. बाईला वारसा न्हाय."

"झालं तं मंग," केसरीनाथ म्हणाले.

"झालं न्हाय, बाबा. तिथं न्हाय मिलत. हिथं मिलते."

कमळाआत्या स्टँपवाल्याकडे वळून म्हणाली, "मंग मान तिथला ठेवू, जमीन हिथली घेऊ."

महमूद शेटना हसू आवरेना. ते म्हणाले, "पाटील, मला कागद साफ पायजे. हमारे में भी बहन का हिस्सा होता है. तुमी वाटनी करा, मी दोघांकडून भाड्यानं घेतो."

केसरीनाथ साडीची पिशवी घेऊन घरी गेले. त्या दिवसापासून ते हिरामणशी बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर भाताचं भांडंसुद्धा ते बायकोकडून मागत. हिरामणने प्रबंध पुरा केला. टोंगाला कोणी बोलावणार नाही हे त्याला माहीत होतं. तो भिवंडी कोर्टात बसू लागला आणि पहिल्यांदा त्याने म्हशीचाच खटला चालवला. तो हरला. तरी एक बदल झाला. आसपासच्या गावांतून बहिणी त्याचं टेबल विचारत येऊ लागल्या आणि त्यांचे भाऊ त्याला ओळख दाखवेनासे झाले.

पुढच्या उन्हाळ्यात वाटणीसाठी शेताची मोजणी आली. कमळाआत्या बांधावर छत्री घेऊन बसली. मोजणीदाराने दुसऱ्या हिस्सेदाराचं पूर्ण नाव विचारलं.

"कमला," आत्या म्हणाली आणि थांबली.

"नवऱ्याचं नाव?"

आत्याने जन्मात कधी ते नाव तोंडाने घेतलं नव्हतं. मोजणीदार पेन्सिल धरून उभा राहिला. हिरामण सांगणार एवढ्यात मागून केसरीनाथांचा आवाज आला.

"दौलत. कमला दौलत भोईर." आणि ते पुढं म्हणाले, "माजी मोठी भन."

"नातं नाही लिहीत आम्ही," मोजणीदार म्हणाला.

"नका लिवू," केसरीनाथ म्हणाले. त्यांनी टोपी काढून खिशात घातली, ढेकळांतून चालत गेले आणि मोजणीच्या साखळीचं पडलेलं टोक उचलून धरलं. उन्हात तापलेलं लोखंड हाताला भाजत होतं. मोजणीदार पलीकडच्या खुणेपर्यंत पोचेतो त्यांनी साखळी ढिली पडू दिली नाही.