वीज गेल्यावरचा डेमो

नव्याण्णव सालचा एप्रिल. श्रीरामपुरात आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या खोलीत सात साखर कारखान्यांचे प्रोग्रामर जमले होते, माझ्या नवऱ्याचा, तुषारचा प्रोग्राम बघायला. कारखान्यात गेटचा कॉम्प्युटर वेगळा, वजनकाट्याचा वेगळा, ऊस विभागाचा वेगळा. एकाचं दुसऱ्याला कळत नाही, म्हणून माणसं तेच तेच तीनदा टाइप करत बसतात. तुषारनं दोन वर्षं खपून या तिघांना जोडणारा प्रोग्राम लिहिला आणि म्हणाला, फुकट द्यायचा, सोर्स कोडसकट. वाचा, बदला, पुढं द्या.

लोक हसले. फुकटचं म्हणजे टाकाऊच असणार, म्हणे! शेवटी त्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "यशोधरा, आज एकानंही नेला नाही, तर सोमवारपासून मी शाळेत क्लार्क म्हणून रुजू होतो." माझा जीव तुटला. हा माणूस दाखले लिहीत बसणार?

बारा वाजता वीज जाते हे साऱ्या गावाला ठाऊक. कार्यक्रम दहाचा. पण आपल्याकडं सत्काराशिवाय काही सुरू होतं का? सात जणांना शाल, नारळ, वर प्रत्येकाचे दोन शब्द. आणि हे ठरवलं कुणी? मीच, अक्कल गहाण ठेवून. तुषारनं कॉम्प्युटर सुरू केला आणि पंखे थांबले.

तो काळ्या स्क्रीनकडं बघत उभा. एक जण तर नारळ पिशवीत घालून उठलाच.

"बसा हो खाली!" मी ओरडले आणि पाहुण्यांतल्या तिघांना पुढं बोलावलं. "रंगनाथकाका, तुम्ही वजनकाटा. अमृत, तुम्ही गेट. पूजाताई, ऊस विभाग. तुमचा कॉम्प्युटर लिहितो तस्सं चिठ्ठीवर लिहा."

"आता मी काटा व्हय?" रंगनाथकाका हसले, पण लिहिलं.

गेटनं आधी गाडीचा नंबर लिहिला, काट्यानं आधी वजन, आणि ऊस विभागाला आधी शेतकऱ्याचं नाव हवं. तुषार तिघांच्या मधे उभा राहिला. चिठ्ठी घ्यायचा, नव्यानं मांडून पुढं द्यायचा, असं का ते सांगायचा. एरवी पुटपुटणारा माणूस, पण त्याचा आवाज कधी चढला त्यालाही कळलं नाही.

"एकच चिठ्ठी दोनदा आली तर?" अमृतनं विचारलं. तो राहात्याकडच्या कारखान्यातला, भलता फटकळ. तुषारनं कोडचे छापील कागद त्याच्या हातात दिले. अमृत खिडकीशी बसून ओळ न् ओळ वाचत गेला. मग पेन काढलं आणि एका ओळीवर सरळ काट मारली.

"हितं चुकलंय. वजन दोनदा धरंल हे."

झालं, संपलं सगळं! तुषारकडं बघितलं, तर त्याचे डोळे भरलेले आणि चेहरा हा एवढा फुललेला. दोन वर्षांत त्याचा कोड कुणी वाचलाच नव्हता हो.

"मग तुम्हीच लिहा ना बरोबर," तो म्हणाला. अमृतनं लिहिलं. शेजारी तुषारनं अमृतचं नाव घातलं. ते बघून रंगनाथकाका खुर्ची ओढत पुढं आले, "आमच्या काट्याची गंमत निराळीच हाय. ती कुठं लिहू?"

सगळे त्या कागदांवर वाकले. जेवायला चला म्हटलं तर कुणी हलेना.

तेवढ्यात तुषारनं मान वर केली. "यशोधरा, सोमवारी मी राहात्याला जातोय. अमृतच्या कारखान्यात प्रोग्राम बसवून बघायचाय."

"जा की," मी म्हटलं, आणि आत जाऊन पोटभर रडून घेतलं.